सतरावा भाग

कागदावर रिकामी जागा सोडायची नाही, हे मला पोलीस खात्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या मुंशीजींनी, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकानं, शिकवलं. बयान, म्हणजे जबाब, अर्ध्या पानात संपलं, की उरलेल्या पानावर तिरपी रेघ ओढायची. मागाहून कुणी त्यात दोन ओळी घुसडल्या तर कोर्टात आपलीच फजिती होते. नोकरीभर मी अशा रेघा ओढल्या, हातच बसला होता. त्यातली एक रेघ मात्र अजून डोळ्यांसमोर येते, आणि आली की तो दिवस वाईट जातो. ही त्या रेघेची हकिगत आहे. नाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्यांची आहे ते ओळखतील, इतरांना नावाचं काय काम.

शहरातल्या कापडगिरण्या, आम्ही इंदूरवाले त्यांना मिलच म्हणतो, तेव्हा बंद पडून गेल्या होत्या. मिलमधले कारागीर कुणी भाजीची हातगाडी लावत होते, कुणी सांवेर रोडच्या गोदामांवर चौकीदारी करत होते. त्याच सुमारास गल्लीगल्लीत सायबर कॅफेच्या पाट्या लागल्या आणि बऱ्या घरांत टेलिफोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट आलं. मी शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. कॉम्प्युटर म्हटला की मला घाम फुटायचा. ठाण्यात एक आला होता खरा, पण आमचे मुंशीजी त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवत आणि फक्त दसऱ्याला हार घालायला ते काढत.

त्या दिवसांत सकाळच्या हजेरीच्या वेळेला एक म्हातारा सायकलवरून ठाण्यात यायचा. अंगात चौकीदाराचा शर्ट, हँडलला रिकामा डबा. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते, ते स्वतः सव्वीस वर्षं मिलमध्ये मागावर, आणि मिल बंद झाल्यावर सांवेर रोडच्या एका गोदामावर पहारा. ड्युटी सुटली की घरी न जाता सगळं शहर ओलांडून ते आमच्याकडे यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. सगळा स्टाफ त्यांना काका म्हणायचा.

काकांची एकच मुलगी. आई लहानपणीच गेलेली. काकांनीच तिला मल्हारगंजच्या टायपिंगच्या क्लासला घातलं, पुढे ती कॉम्प्युटर शिकली, तिथंच शिकवायलाही लागली. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न सुदामा नगरात झालं होतं. जावयाचा सांवेर रोडला लेथ मशीनचा छोटा कारखाना, घरात तो आणि त्याची आई. तक्रार इतकीच की सव्वा महिना मुलगी फोनवर येत नव्हती आणि घरी गेलं तर भेटू देत नव्हते.

"साहेब, जावईबापू फाटकातच बोलतात, तबियत ठीक नाही, झोपली आहे," काका म्हणाले. "आता मी कधी सकाळी जातो, कधी दुपारी. दर वेळी झोपलेलीच कशी असेल?"

पहिल्या वेळी मी त्यांना चहा पाजला. दुसऱ्या वेळी समजावलं. तिसऱ्या वेळी थोडा चिडलोच. काका, हा घरचा मामला आहे, पोलीस मध्ये पडली की नातं तुटतं, सणाला येईल तुमची पोरगी, असं काहीसं बोललो. हे वाक्य मी तोवर शंभर बापांना ऐकवलं असेल. त्यातल्या नव्वदांच्या बाबतीत ते खरं निघतं, म्हणून आपण सगळ्यांना तेच ऐकवत राहतो. काकांनी वाद घातला नाही. बरं साहेब, म्हणाले, डबा उचलला आणि सायकल काढली. मी त्यांचा अर्जसुद्धा लिहून घेतला नव्हता.

मग एका सोमवारच्या टपालात नागपूरहून एक जाड पाकीट आलं. आत शाळेच्या फुलस्केपवर चार पानी पत्र, अक्षर मोत्यासारखं, सोबत कॉम्प्युटरवरून काढलेले काही कागद, आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं दुसरं पाकीट. लिहिणाऱ्या बाई शाळेत मराठी शिकवत होत्या, निवृत्तीला आलेल्या. मुंशीजींनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि पहिलं पान संपेपर्यंत आम्ही सगळे हसत होतो, हे कबूल करायला हवं.

प्रकार असा होता. देशभरातल्या नऊ जणी इंटरनेटवर एक मंडळ चालवत होत्या, कोरियन मालिकांचं. इंफाळमधली एक नर्स तिकडे मिळणाऱ्या सीडी विकत घ्यायची, आणि तो एकच संच पोस्टानं गावोगाव फिरायचा. नागपूर, इंदूर, पुणे, रायपूर. जिची पाळी येईल तिनं बघायचा, पुढे पाठवायचा आणि बघितलेल्या भागाबद्दल मंडळात लिहायचं. कोणता नट कसा रडला, कुणाचं केस कापणं चुकलं, सगळं. भाषा हिंदी-मराठी-इंग्रजीची खिचडी, लिपी इंग्रजी. तिथं खरं नाव लावायचं नाही असा रिवाज होता. प्रत्येकीनं मालिकेतल्या आवडत्या पात्राचं नाव घ्यायचं, आणि त्यांना आवडणारी पात्रं सगळी पुरुष. मूळ नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, पण बाईंनी पत्रात मराठी करून दिली होती. बाई स्वतः 'कप्तान'. इंफाळची नर्स 'धाकटा डॉक्टर'. आणि इंदूरची मुलगी 'नावाडी'.

या मंडळाचा दुसरा एक नियम होता आणि तो या इंदूरच्या मुलीनंच घातलेला होता. सीडी पोस्टानं फिरत असल्यामुळे कुणाचे चार भाग बघून झालेले, कुणाचे चौदा. म्हणून शेवट लिहायचा असेल, कोण मेलं, कोण कुणाला सोडून गेलं, तर आधी वीस ओळी रिकाम्या सोडायच्या. ज्याला अजून ऐकायचं नाही त्याला तिथं थांबता यावं, एवढ्यासाठी. बाईंनी तिचे जुने कागद जोडले होते. खरोखर, प्रत्येक कागदावर अर्धं पान कोरं आणि मग तळाशी दोन ओळी. एका नवीन मुलीनं हा नियम मोडला तेव्हा तिला नावाड्यानं असं झापलं होतं, की वाचून मुंशीजी म्हणाले, "हिला आपल्याकडे भरती करायला पाहिजे."

त्यानंतरचे तीन कागद गेल्या महिन्याभरातले होते. नाव तेच, नावाडी. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, शेवटच्या भागात भाऊ मरतो. एकही ओळ कोरी नाही. खाली प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं होतं, तू राहतोस कुठे, फोन नंबर काय, भेटायला कधी येशील. बाईंनी शेवटी लिहिलं होतं: 'हे लिहिणारी ती नाही. तिचं नाव कुणीतरी दुसरं वापरत आहे. ती कुठे आहे, एवढं आपण बघावं.' खाली सुदामा नगरचा पत्ता होता, सीडी पाठवायचा. मी तो वाचला आणि माझं हसू गेलं. तो काकांच्या जावयाचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी एका शिपायाला घेऊन गेलो. दोन मजली नीटनेटकं घर, अंगणात तुळस, फाटकाला ताजा रंग. जावई कारखान्यात जायच्या तयारीत होता. तिशीतला, हळू बोलणारा, भांगबिंग काढलेला माणूस. या सर, बसा सर. आईनं पोहे आणले, वर शेव, लिंबू. मी आल्याचं कारण सांगितल्यावर तो खाली बघून म्हणाला, "सर, आता लपवून काय करू. तिच्या डोक्यावर असर झाला आहे. दिवसरात्र त्या चायनीज लोकांच्या सीडी बघायची. आम्ही इलाज करतो आहे." मला ते पटलं. कारण तो रडवेला झाला होता, आणि ते खोटं नव्हतं.

मुलीला वरून आणलं. सासूनं दंडाला धरलं होतं. बारीक झालेली, केस नीट विंचरलेले, डोळे जड. मी तिचं बयान तिथंच बैठकीत घ्यायला बसलो. समोर नवरा, बाजूला सासू. महिला शिपाई नेली नव्हती, तिला एकटीला वेगळ्या खोलीत विचारलं नव्हतं. नवीन सबइन्स्पेक्टरनं असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

तिनं सगळी सरळ उत्तरं दिली. मी माझ्या मर्जीनं इथं आहे. मला कुणाचा त्रास नाही. तबियत बरी नसते, म्हणून बाहेर जात नाही. मी लिहीत गेलो. मग नागपूरच्या बाईंचं पत्र आलंय म्हटल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"त्यांना वाईट वाटलं असेल," ती म्हणाली. "मी गोष्ट अर्धी सोडली ना. साहेब, मी सतरावा भाग सांगते, तुम्ही लिहून त्यांना पाठवाल? पूरा लिहा पण. काही सोडू नका."

नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, की बघा, हेच चालतं घरात. सासू म्हणाली, असंच बडबडते, आणि कप उचलायला लागली. मीही मनात म्हटलं, बिचारीला बरं वाटत असेल तर लिहू. शिवाय मुंशीजींची सवय, समोरचा बोलेल ते कागदावर यायला हवं.

तर सतराव्या भागात असं होतं, की मालिकेतल्या त्या मिठागरातल्या मुलीला एका घरात वरच्या खोलीत ठेवलेलं असतं. कडी बाहेरून असते. घरची म्हातारी तिला खोकल्याचा म्हणून कडू काढा देते, तो घेतला की तिला झोप येते, दिवस कळत नाहीत. घरातल्या माणसाला वाटतं, तिचं नावाड्यांशी काहीतरी आहे. आजपासून नऊ दिवसांनी एक होडी येणार असते, तिला एका बेटावर न्यायला. त्या बेटावर वेडी माणसं ठेवतात. तिथून कुणी परत आलं तरी त्याचं कुणी खरं मानत नाही. एवढं सांगून ती थांबली. शेवट काय होतो, मी विचारलं, गंमत म्हणून. शेवट अजून बघितला नाही, ती म्हणाली.

मी सही घेतली. खाली अर्धं पान उरलं होतं. तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मी तिचं बोट बाजूला होईपर्यंत थांबलो आणि त्या जागेवर तिरपी रेघ ओढली.

ठाण्यात येऊन मी प्रकरण नस्ती करायला सांगितलं, म्हणजे फाइल बंद. पण तिनं पाठवा म्हटलं होतं आणि बाईंचं तिकीट लावलेलं पाकीट पडलेलं होतं. फुकट का घालवा, असं म्हणून मुंशीजींनी तो सतरावा भाग उतरवून बुधवारी नागपूरला टाकला. त्या काटकसरी माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

गुरुवारी सकाळी काका बाकावर होते. मी मोठ्या खुशीत त्यांना आत बोलावलं. म्हटलं, काका, मी स्वतः जाऊन आलो, पोरगी घरात आहे, थोडी आजारी आहे, बाकी ठीक. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तिनं माझं काही विचारलं?"

मी आठवून बघितलं. बापाचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग ती बरी नाही, साहेब," काका म्हणाले. "तापात असली तरी आधी माझं विचारते." मी म्हटलं, लग्न झालेल्या मुली बदलतात. ते उठले. त्या दिवशी बरं साहेब म्हणाले नाहीत. मी त्यांना जिवंत पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

रविवारी सकाळी ड्युटी सुटल्यावर गोदामाच्या फाटकाशीच ते सायकलवरून पडले. छातीत कळ आली होती. लोकांनी टेम्पोत घालून नेलं, पण वाटेतच संपलं. मला सोमवारी बीटच्या शिपायानं सांगितलं. अंत्यविधीला जावई आला होता, हार घातला, हात जोडले, आणि बायकोला उठवत नाही म्हणून सांगून गेला. एकुलती एक मुलगी बापाच्या मातीला आली नाही. मला खटकलं, पण एका मंत्र्यांचा दौरा होता, दोन दिवस बंदोबस्तात गेले. खटकलेलं तसंच राहिलं.

बुधवारी दुपारी ठाण्याचा फोन वाजला. नागपूरहून एसटीडी. बाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"साहेब, त्या मालिकेचे भाग सोळाच आहेत," त्या म्हणाल्या. "सतरावा भाग नाहीच."

मला क्षणभर कळलं नाही. बाई शाळेत समजावतात तसं सावकाश बोलल्या. सोळाव्या भागात गोष्ट संपते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. मिठागरातल्या मुलीला कुणी कोंडत नाही, काढा देत नाही, बेटबिट काही नाही. तिनं तुम्हाला स्वतःचं सांगितलं आहे. तारीख बघा तुमच्या कागदावर. मी नस्तीतून बयान काढलं. मंगळवार अधिक नऊ दिवस म्हणजे गुरुवार. म्हणजे उद्या. बाईंना ठेवतो एवढंही न म्हणता मी फोन खाली ठेवला.

रोजनामच्यात फोनची नोंद केली, मीच फिर्यादी झालो, कोंडून ठेवल्याचा आणि छळाचा गुन्हा लिहिला आणि या खेपेला महिला शिपाई, दोन पंच घेऊन तासाभरात सुदामा नगर गाठलं. सासूनं दार उघडलं. मी पोहे घेतले नाहीत. वरच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती. आत पलंगावर ती झोपली होती, हलवलं तरी धड जागी होईना. खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. स्वयंपाकघरात सासूच्या नावाच्या झोपेच्या गोळ्या आणि खल. जिन्याखाली भरलेली सूटकेस, आणि कपाटात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासगी मनोरुग्णालयाचे भरती करायचे कागद, दुसऱ्या दिवसाच्या तारखेचे. नातेवाईक म्हणून नवऱ्याची सही होती. बापाच्या सहीची जागा कोरी होती, आणि आता तिथं सही करायला बापही नव्हता.

तिला सरकारी दवाखान्यात हलवलं आणि नवऱ्याला कारखान्यातून उचलून ठाण्यात आणलं. मी आयुष्यात बरेच लोक तपासले. मारून बोलतं करणारे मला कधी आवडले नाहीत. माणूस बहुतेक वेळा बोलायलाच आलेला असतो, त्याला फक्त त्याचा स्वतःचा पुरावा मांडू द्यायचा. याचाही एक पुरावा होता. त्यानं बॅगेतून फाइल काढली. त्या नऊ जणींच्या गप्पांचे कागद, तारखेवार लावलेले, नावांखाली लाल शाईनं रेघा.

"सर, मैंने हाथ नहीं उठाया," तो म्हणाला. "पण तुम्हीच बघा. आठ पुरुष. माझ्याच घरातल्या कॉम्प्युटरवरून. एकाला लिहिते, तुझे डोळे बघितले की दिवसभर काम सुचत नाही. मी काय समजू?"

म्हणजे असं होतं सगळं. कारखान्याची पत्रं करायला त्यानं घरी कॉम्प्युटर आणला, दुपारी ती त्याच्यावर मैत्रिणींशी बोलायची. एक दिवस त्यानं ते वाचलं. तिनं सांगितलं, या बायका आहेत, तो फोटोतला माणूस नट आहे. त्याला ते खोटं वाटलं. मग तिला वर कोंडलं आणि तिच्या नावानं स्वतः लिहायला बसला, यातला खरा कोण ते पकडायला. शेवटची सीडी लावून शेवट तेवढा बघितला, लिहून टाकला, आणि पत्ते मागितले. वीस ओळींचं त्याला ठाऊक नव्हतं.

मी बाईंच्या पत्राचं चौथं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर आठ नावं आणि त्यांचे खरे पत्ते होते. मी एकेक वाचत गेलो. धाकटा डॉक्टर, इंफाळची नर्स. मिठागराचा मालक, रायपूरच्या पोस्टमास्तरांची विधवा. असं करत करत सात झाले. कप्तान हे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त लाल शाई कप्तानाखाली होती.

"कप्तान म्हणजे नागपूरच्या शाळेतल्या मराठीच्या बाई," मी म्हटलं. "सत्तावन्न वय. मधुमेह आहे. तुझ्या बायकोला मुलगी म्हणतात."

त्यानं ते पान जवळ ओढून पुन्हा वरपासून वाचलं. मग त्यानं विचारलं, "आणि तो फोटो?"

"नट आहे. तिनं सांगितलं होतं तुला."

त्यानंतर त्यानं सगळं कबूल केलं. आईनं गोळ्या कुणाकडून आणल्या, रुग्णालयाशी कुणी बोललं, सगळं. मला त्याचा राग आला होता आणि दयाही आली, दोन्ही खरं सांगतो. आठ बायकांना पुरुष समजून त्यानं एका बाईचा जीव काढत आणला होता. पण मी तरी काय केलं होतं? त्यानं तिचं खरं खोटं मानलं. मी तिचं खोटं खरं मानून सही घेतली होती.

गुरुवारी सकाळी दवाखान्यातून निरोप आला, पेशंट शुद्धीवर आहे, वडिलांना विचारते. ज्या दिवशी तिला न्यायला गाडी यायची होती तोच दिवस. घरच्यांनी तिला बाप गेल्याचं सांगितलंच नव्हतं. महिला शिपाई म्हणाली, सर, मी सांगते. मी म्हटलं, नाही, माझं काम आहे.

मरणाच्या बातम्या मी खूप पोचवल्या होत्या. माझी पद्धत एकच, दारात उभं राहून एका वाक्यात. फार घोळ घातला की लोकांना जास्त त्रास होतो, असं मी मानत होतो. खरं म्हणजे मलाच लवकर निघायचं असायचं.

ती उशीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "साहेब, पूरा लिहिलंत तुम्ही." त्या माणसाचे आभार मानत होती, ज्यानं आठ दिवस घालवले. मग म्हणाली, "बाबांना कळवलं का? ते काळजी करत असतील. त्या दिवशी मी त्यांचं नाव मुद्दामच घेतलं नाही. तुम्ही त्यांना भेटाल ना, तेव्हा त्यांना समजेल असं वाटलं."

मी स्टूल ओढून बसलो. वाक्य तयार होतं. मला ते कागद आठवले, अर्धं पान कोरं आणि तळाशी दोन ओळी. मी बोलायला लागलो ते भलतीकडूनच. म्हटलं, तुझे बाबा सकाळी सातला ठाण्यात यायचे. सांवेर रोडहून सायकलवर. बाहेरच्या बाकावर डावीकडे बसायचे, डबा मांडीवर. चहा दिला तर अर्धा बशीत ओतून शेजारच्याला द्यायचे. एकदा आमच्या शिपायाची चेन पडली तर त्यांनीच लावून दिली. मल्हारगंजच्या क्लासची गोष्ट सांगायचे, तू पहिल्यांदा त्यांचं नाव टाइप करून दाखवलंस ती. तो कागद ते खिशात ठेवायचे. गेल्या गुरुवारी आले होते. मी त्यांना सांगितलं, तिनं तुमचं काही विचारलं नाही. त्यांना लगेच समजलं. ते म्हणाले, मग ती बरी नाही.

मी सगळं 'यायचे', 'बसायचे', 'म्हणायचे' असं भूतकाळात बोलत होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला ते कितव्या ओळीला कळलं, मला माहीत नाही. तिनं मला अडवलं नाही, घाई केली नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि चादर मुठीत होती. शेवटचं वाक्य मला बोलावं लागलं नाही.

पुढे खटला चालला, नवऱ्याला आणि सासूला शिक्षा झाली. खात्यानं मला शाबासकीचं पत्र दिलं. ते मी घरी कधी लावलं नाही. ती नागपूरला गेली, काही महिने बाईंकडेच राहिली, आता तिकडे कॉम्प्युटर शिकवते. दर दिवाळीला पत्र येतं. पत्रात मंडळाची खबर असते, कोणती मालिका चालली आहे, कोणता नट सैन्यात गेला. मी त्यातलं काहीही बघितलेलं नाही, पण वाचतो सगळं.

लोक मला विचारतात, या नोकरीत काय शिकलात. त्या मुलीनं मला सांगितलं होतं, आणि तिच्या बापानंही सांगितलं होतं, दोन दिवसांच्या अंतरानं, एकच गोष्ट. ती न बोललेल्यातून सांगत होती आणि त्यानं ते न बोललेलंच बरोबर वाचलं. सव्वीस वर्षं माग चालवलेला माणूस, त्याला तपासाचं काही शिक्षण नव्हतं. मी मात्र लिहिलेलं तेवढं धरलं आणि उरलेल्या जागेवर रेघ मारली. त्या दिवसापासून ठाण्यात कुणी अर्ज न देता नुसतं बाकावर येऊन बसलं, तरी मी त्याच्याशेजारी जाऊन बसायला लागलो. तो बोलेपर्यंत काही विचारायचं नाही. काका बसायचे ती डावीकडची जागा मात्र मी मोकळी सोडायचो.